फॅमिली डॉक्टर आणि नवा आजार : मुंबईतील एच.आय.व्ही. प्रशिक्षणाची वाटचाल

१९८५ च्या सुमारास घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली येथे दवाखाना चालविणारा डॉक्टर हा केवळ औषध देणारा गृहस्थ नव्हता. स्थानकाबाहेरच्या गल्लीत, तळमजल्यावरील दोन खोल्यांत तो बसत असे. बाहेर लाकडी बाक, आत पडद्याआड तपासणीचे टेबल आणि कंपाउंडरच्या खिडकीतून मिळणारी, कागदी पट्टी चिकटविलेली औषधाची बाटली. एकाच घरातील आजोबांचा दमा, सुनेचे गरोदरपण आणि नातवाचा गोवर त्याच्या हाताखालून जात असे. घरातली भांडणेही त्याला ठाऊक असत आणि मुलीच्या स्थळाविषयीही त्याचे मत विचारले जाई. या डॉक्टराला ज्या आजाराची एक ओळही महाविद्यालयात शिकविली गेली नव्हती, तो आजार पुढील दहा वर्षांत त्याच लाकडी बाकावर येऊन बसला. शिकविली जाणे शक्यही नव्हते, कारण त्याच्या विद्यार्थिदशेत तो आजार वैद्यकशास्त्राला माहीतच नव्हता. मुंबईतील डॉक्टर एच.आय.व्ही.चे निदान आणि उपचार कसे शिकले, याचा इतिहास म्हणूनच बव्हंशी पदवी मिळाल्यानंतरच्या शिक्षणाचा इतिहास आहे. आणि त्यातील पहिला धडा औषधांचा नव्हे, तर भीतीचा होता.

जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यामागील विषाणू वेगळा करण्यात आला, आणि १९८५ मध्ये रक्तातील प्रतिपिंडे ओळखणारी एलायझा चाचणी उपलब्ध झाली. भारतात हा आजार येणार नाही, आपली कुटुंबव्यवस्था त्याला थारा देणार नाही, असे तेव्हा पुष्कळ जाणत्या मंडळींनाही वाटत होते. १९८६ मध्ये मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी तपासलेल्या नमुन्यांतून हा समज कायमचा मोडला. डॉ. सॉलोमन या मद्रासमधील मराठी गायतोंडे कुटुंबातील कन्या होत, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. त्याच वर्षी मुंबईतही रुग्ण आढळला आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. ईश्वर गिलाडा यांनी एड्स क्लिनिक सुरू केले.

त्यानंतरची काही वर्षे वैद्यकीय व्यवसायाच्या दृष्टीने अभिमानास्पद नाहीत, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. रक्ताचा अहवाल आला की शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाई. प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या स्त्रीला एका मॅटर्निटी होममधून दुसरीकडे पाठविले जाई. खाटेच्या डोक्याशी ठळक अक्षरांत रोगाचे नाव लिहिले जाई. सरकारी प्रचारानेही त्यात भरच घातली. भिंतीवरच्या कवट्या आणि हाडांचे सापळे पाहून लोकांना रोग समजला नाही, रुग्णाची किळस मात्र वाटू लागली. शेजारच्या गोव्यात फेब्रुवारी १९८९ मध्ये जे घडले ते याच वातावरणातील होते. म्हापश्याजवळील पर्रा येथील डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताची चाचणी सकारात्मक आली म्हणून पोलिसांनी त्याला नेले, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबून ठेवण्यात आले. त्याची आई ल्युसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. अंतरिम आदेशाने मुलाची सुटका झाली. अंतिम निकाल मात्र कायद्याच्याच बाजूने लागला. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. त्याचा अपराध एवढाच, की त्याने रक्तदान केले होते.

हे सारे करणारे डॉक्टर दुष्ट नव्हते. ते घाबरलेले होते. आणि भीतीवर उपदेशाचा उपाय चालत नाही, आकड्यांचा चालतो, ही गोष्ट प्रशिक्षण देणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आली. प्रशिक्षणवर्गांत हमखास सांगितले जाणारे तीन आकडे असे : बाधित रक्ताने माखलेली सुई टोचल्यास हिपॅटायटिस बी होण्याचा धोका शंभरांत सुमारे ३०, हिपॅटायटिस सी चा सुमारे ३, आणि एच.आय.व्ही.चा सुमारे ०.३, म्हणजे हजारांत तीन. ज्या कावीळीला कोणी डॉक्टर भीत नव्हता, ती या दृष्टीने शंभर पटींनी अधिक धोक्याची होती. त्यापुढचा धडा तर्काचा होता. चाचणी न झालेला बाधित रुग्ण रोजच समोर येत असतो. तेव्हा चाचणी करून 'धोक्याचे' रुग्ण वगळण्यापेक्षा प्रत्येक रुग्णाचे रक्त बाधित असू शकते असे मानून हातमोजे, निर्जंतुक साधने आणि सुई टाकण्याची योग्य व्यवस्था ठेवणे हेच खरे संरक्षण. सुई टोचलीच तर शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, प्रतिबंधक औषध सुरू करायचे. ज्या डॉक्टरांनी हे नीट समजून घेतले त्यांचे हात पुन्हा रुग्णाच्या नाडीवर गेले.

जे. जे. रुग्णालयात डॉ. अलका देशपांडे यांनी १९९० मध्ये एच.आय.व्ही. रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. औषधे जवळजवळ नसलेल्या त्या काळात तेथे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना मुख्यतः संधिसाधू रोगांचे उपचार शिकावयास मिळाले : क्षय, तोंडातील व अन्ननलिकेतील बुरशी, मेंदूज्वर, न थांबणारे जुलाब. रुग्णाला स्पर्श करून तपासणारी ज्येष्ठ प्राध्यापिका पाहणे हाही प्रशिक्षणाचाच भाग होता, आणि कदाचित अधिक मोलाचा. २००१ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, अर्थात नॅको, अस्तित्वात आली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. दशकाच्या मध्यावर महाराष्ट्र शासन आणि टेक्सास विद्यापीठ यांच्या सहकार्याने जे. जे. च्या आवारात 'आर्कॉन' हे केंद्र काम करू लागले.

१९९८ मध्ये मुंबईसाठी स्वतंत्र मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. तिचे कार्यालय वडाळ्याच्या ॲकवर्थ कुष्ठरुग्णालयाच्या आवारात आहे. महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये बेघर कुष्ठरोग्यांसाठी ही वास्तू उभी राहिली. (हेच ॲकवर्थ शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे संग्रहित करून १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे.) ज्या आवारात एका शतकापूर्वी समाजाने टाकलेल्या रुग्णांना आसरा मिळाला, तेथूनच दुसऱ्या एका टाकलेल्या आजाराविरुद्धचे काम चालावे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

निदानाचा धडा औषधांच्या आधीचा, आणि वरवर सोपा. रक्त काढा, चाचणी करा, अहवाल द्या. प्रत्यक्षात सर्वांत अधिक चुका येथेच झाल्या. उपनगरांतील समाजबांधवांना रक्तदान शिबिरांचा अनुभव आहे. महावीर जयंतीच्या किंवा एखाद्या पुण्यतिथीच्या निमित्ताने वाडीत, सभागृहात शिबिरे भरतात. १९८९ पासून दात्याच्या रक्ताची एच.आय.व्ही. चाचणी आवश्यक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद झाली. रक्तपेढीत रक्ताची पिशवी बाजूला काढण्यास एक चाचणी पुरते. संशय आला की पिशवी टाकून द्यायची, त्यात कोणाचे नुकसान नाही. परंतु माणूस म्हणजे पिशवी नव्हे. कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तीला बाधा आहे असे सांगावयाचे तर वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या सकारात्मक याव्या लागतात. आजाराची लक्षणे असतील तर दोन पुरतात. हा साधा फरक न कळल्यामुळे एका कागदाच्या आधारावर लग्ने मोडली, माणसे घराबाहेर पडली. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रतिपिंडे तयार झालेली नसतात. त्या 'विंडो पीरियड'मध्ये अहवाल नकारात्मक येतो आणि डॉक्टर रुग्णाला निर्धास्त करून पाठवितो. अठरा महिन्यांपेक्षा लहान बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असू शकतात, म्हणून त्याची नेहमीची चाचणी सकारात्मक आली तरी बाळ बाधित आहे असे ठरत नाही. त्यासाठी विषाणूचाच शोध घेणारी चाचणी लागते.

चाचणीपूर्वी रुग्णाची संमती, चाचणीपूर्वी आणि नंतर समुपदेशन, आणि अहवालाची गुप्तता हे तीन नियम प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगितले गेले. उपनगरातील फॅमिली डॉक्टराला तिसरा नियम सर्वांत जड गेला असावा. ज्या घराचे सारे काही त्याला माहीत, त्या घराचा कर्ता पुरुष बाधित आहे हे त्याच्या वडिलांना सांगायचे नाही. आणि पत्नीला मात्र समजले पाहिजे, तेही शक्यतो त्या पुरुषाच्याच तोंडून, आणि तिचीही चाचणी झाली पाहिजे. कापडाच्या दुकानात किंवा सोसायटीच्या जिन्यात बोलला गेलेला एक शब्द पुरेसा होता. पिंपरी-चिंचवड येथील खासगी डॉक्टरांचा जो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातूनही हेच दिसले की एच.आय.व्ही. रुग्ण खासगी दवाखान्यांत मोठ्या प्रमाणात येत होते, आणि चाचणी मात्र पुष्कळदा संमती-समुपदेशनाशिवाय होत होती.

खासगी डॉक्टरांचे प्रशिक्षण एवढे निकडीचे का होते, हे समजण्यास क्षयरोगाचा मुंबईतील अनुभव पुरेसा आहे. डॉ. मुकुंद उपळेकर व डॉ. डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धारावी परिसरातील सुमारे १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी औषधांच्या ८० निरनिराळ्या पद्धती लिहून दिल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी धारावीतच पुन्हा पाहणी केली : १०६ डॉक्टर, ६३ पद्धती, आणि अचूक औषधयोजना लिहिणारे केवळ सहा. ज्या रोगाचे औषध अर्धशतकापासून माहीत, सरकारी कार्यक्रम दारोदार, त्याची ही अवस्था. एच.आय.व्ही.ची औषधे तर त्याहून नवी, महाग आणि चुकांना अधिक कठोर शिक्षा करणारी.

ही शिक्षा म्हणजे विषाणूची प्रतिकारशक्ती. १९८७ मध्ये आलेले झिडोव्हुडिन एकटे दिले तर विषाणू काही महिन्यांतच त्याला दाद देईनासा होतो. तीन औषधे एकत्र आणि अखंड दिली तरच तो दबून राहतो, हे १९९६ मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेत सिद्ध झाले. परंतु तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा ते पंधरा हजार डॉलर होता. मुंबईतील रुग्णाने काय करावे? ऐपत असेल तोवर तीन औषधे, मग दोन, मग एक, मग दागिने विकून पुन्हा काही महिने. डॉक्टरही सहानुभूतीपोटी परवडेल तेवढेच लिहून देत. त्या काळी ते दयेचे वाटे. परिणाम मात्र उलटा होई. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्ला कंपनीच्या डॉ. युसुफ हमीद यांनी एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने तिन्ही औषधे देऊ केली, आणि साऱ्या जगातील किमतींचे गणित बदलले. त्यानंतर एकाच गोळीत तीन औषधे आली. औषध स्वस्त झाले म्हणजे ते चुकीच्या हातीही सुलभ झाले, ही त्याची दुसरी बाजू. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतून एड्स 'मुळासकट' बरा करण्याची हमी देणारेही होतेच. औषध नियमावलीच्या अनुसूची 'जे'मध्ये, म्हणजे ज्या रोगांवर रामबाण इलाजाचा दावा करण्यास मनाई आहे त्या यादीत, एड्सचे नाव आहे.

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने विषाणूविरोधी उपचार, ज्याला सर्वत्र ए.आर.टी. म्हणतात, विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. पहिल्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. आता प्रशिक्षणाला निश्चित अभ्यासक्रम लाभला. सी.डी.४ पेशी २०० च्या खाली गेल्यावर औषध सुरू करायचे. नेव्हिरॅपिन पहिले चौदा दिवस अर्ध्या मात्रेत द्यायचे आणि अंगावर पुरळ येते का यावर नजर ठेवायची. झिडोव्हुडिनने रक्तक्षय होतो, स्टॅव्हुडिनने पायांची आग होते आणि चेहरा ओढल्यासारखा दिसू लागतो, हे ओळखायचे. (पुढे याच कारणांनी स्टॅव्हुडिन मागे पडले.) सर्वांत महत्त्वाचा इशारा क्षयाविषयीचा : क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे नेव्हिरॅपिनचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून अशा रुग्णाला इफाव्हिरेंझ द्यायचे. दोन्ही औषधे दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता लिहिली तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. उपनगरांत नेमके तेच घडण्याची शक्यता अधिक होती.

२००५ मध्ये बिल क्लिंटन यांच्या प्रतिष्ठानाने दीड लाख खासगी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची योजना जाहीर केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने नॅकोच्या सहकार्याने एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी एच.आय.व्ही. वैद्यकाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने खासगी प्रसूतिगृहांना मातेकडून बाळाला होणारा संसर्ग टाळण्याच्या कामात जोडून घेतले. जानेवारी २००८ मध्ये पहिल्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी दुसऱ्या फळीची औषधे सुरू झाली, ती देशात प्रथम दोनच ठिकाणी, चेन्नईचे तांबरम आणि मुंबईचे जे. जे. येथे.

या साऱ्यात एक उणीव राहिली. उपनगरांतील, विशेषतः वस्त्यांमधील दवाखान्यांत बसणारे कितीतरी डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. रुग्ण प्रथम त्यांच्याकडेच जातो. अभ्यासक्रम मात्र प्रामुख्याने एम.बी.बी.एस. डॉक्टर आणि मोठी रुग्णालये यांच्याभोवती फिरत राहिले. त्यांना औषधयोजना शिकविण्याची गरज नव्हती. वारंवार येणारा ताप, घटणारे वजन, अंगावर उठलेली नागीण किंवा बरा न होणारा खोकला पाहून संशय घेणे आणि रुग्णाला न दुखावता योग्य ठिकाणी पाठविणे, एवढे शिकविले असते तरी कित्येक रुग्ण वर्ष-दोन वर्षे आधी उपचारांपर्यंत पोहोचले असते.

पोहोचणे हाही प्रश्नच होता. मुलुंडच्या रुग्णाला मध्य रेल्वेने भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड गाठून जे. जे. ला जावे लागे, बोरिवलीच्या रुग्णाला पश्चिम रेल्वेने तासाभराचा प्रवास करून पुढे बस. सी.डी.४ ची तपासणी एका दिवशी, डॉक्टर दुसऱ्या दिवशी, औषध दर महिन्याला. रोजंदारीवर काम करणाऱ्याने मालकाला काय कारण सांगावे? औषध थांबविणाऱ्या रुग्णांना 'बेजबाबदार' म्हणणे सोपे असते. लोकलचे वेळापत्रक पाहिले की तो शब्द जिभेवर येत नाही. उपनगरांतील महापालिका रुग्णालयांत समुपदेशन व चाचणी केंद्रे आली, काही ठिकाणी ए.आर.टी. केंद्रेही आली. अंधेरीत लार्सन अँड टुब्रोच्या आणि विक्रोळीत गोदरेजच्या आरोग्य केंद्रांनी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सहकार्याने हे काम अंगावर घेतले. औषध घराजवळ आले आणि स्थानिक डॉक्टराचे महत्त्व पुन्हा वाढले.

कायदाही हळूहळू बदलला. डॉमिनिक डिसूझाच्या प्रकरणात कायद्याच्या बाजूने उभे राहिलेल्या मुंबई उच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये, 'एम.एक्स.' या सांकेतिक नावाने लढलेल्या कामगाराच्या खटल्यात, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एच.आय.व्ही.च्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीशिवाय चाचणी, गुप्ततेचा भंग आणि उपचारांत भेदभाव यांना त्याने मनाई केली, आणि आरोग्यसेवकांना सुरक्षित वातावरण मिळण्याचा हक्कही दिला. वर्गात सांगितली जाणारी नीती आता कायद्याची भाषा झाली.

विज्ञानाने त्याआधीच मोठी झेप घेतली होती. ज्या आंतरराष्ट्रीय संशोधनात पुणे आणि चेन्नई ही केंद्रे सहभागी होती, त्याने २०११ मध्ये दाखवून दिले की वेळीच औषध घेणाऱ्या व्यक्तीकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. २०१७ पासून सी.डी.४ कितीही असो, निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण देशाने स्वीकारले, आणि २०२० पासून डोल्युटेग्राविर असलेली दिवसाची एक गोळी सर्वत्र आली.

याचा परिणाम असा, की २००४ मध्ये औषध सुरू केलेला चाळिशीचा रुग्ण आज साठीचा आहे. त्याला आता मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे दुखतात. ए.आर.टी. केंद्रात तो ठरावीक दिवसांनी गोळ्या आणावयास जातो. परंतु साखर तपासण्यासाठी तो गल्लीतल्या दवाखान्यातच येतो. तेथील डॉक्टराला ठाऊक असले पाहिजे की डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून मेटफॉर्मिनची मात्रा सामान्यतः दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवावी लागते. अँटासिड आणि कॅल्शियम, लोहाच्या गोळ्याही त्या एका गोळीबरोबर लगेच घेऊन चालत नाहीत. आणि हे सारे विचारण्यापूर्वी, 'आपण आणखी कोणती औषधे घेता?' या प्रश्नाला रुग्णाने बाहेरच्या बाकावरील शेजाऱ्यांची धास्ती न बाळगता खरे उत्तर द्यावे, असे त्या दोन खोल्यांत त्याला वाटावे लागते.